चिमीने हलवलेला मंगळ

आमच्या घरातून आजवर एकच ग्रह हलवला गेला आहे, आणि तो मंगळ होता.

त्या काळी मी सोलापुरात घरच्या ओसरीवर बसून पत्रिका करीत असे. घरी बसून करायच्या धंद्यात एक मोठी खोट असते. तो धंदा आहे, हे घरातल्या कुणालाच पटत नाही! शेजारी गिरणीच्या भोंग्यावर निघाला की सगळी आळी त्याला वाट करून देई. मी पंचांग उघडलं की हिला दळण आठवे. अशात करकंबला मेहुणीचं बाळंतपण निघालं. तिकडे पोरांत गोवराची साथ, म्हणून हिने आमच्या दोन वर्षांच्या चिमीला माझ्यापुढे आणून बसवलं.

"पंधरा दिवस हिला सांभाळा."

"अगं, पण माझं काम?"

"तुम्ही घरीच तर असता की."

एवढी लहान पोर पुरुषाच्या गळ्यात टाकून बायको चालली, हे पाहून शेजारच्या काकूंनी तोंडात बोट घातलं. (मीही घातलं असतं, पण माझं बोट चिमी चावत होती.)

दुसऱ्याच दिवशी मैंदर्गीहून मल्लप्पा आला. मोठा मेंढरवाला, पण त्या दिवशी अगदी हात जोडून उभा.

"बुवा, गंगव्वाचं करमाळ्यात जमत आलंय. पोरगा मास्तर हाय, पोरीला बी पसंत हाय. पर त्यास्नी पत्रिका पायजे. एकुलती पोर हाय माजी. तेवढं नीट बगा."

तो बाजार करून येतो म्हणून गेला आणि मी पाटीवर गणित मांडलं. मुलीचा मंगळ तिसऱ्या घरात, म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. सातव्यात असता तर लग्नाची आशाच सोडायची. गुळगुळीत घोटलेल्या कागदावर मी कुंडली काढली, सगळे ग्रह काळ्या शाईने आणि मंगळ तेवढा तांबड्या शाईने लिहिला. ही माझी खास पद्धत होती. गिऱ्हाइकाने लांबूनच दचकावं, एवढाच तिचा हेतू.

चिमीला मी हिच्या जुन्या लुगड्याने खांबाला बांधून ठेवलं होतं. पोरांना तसं बांधायची रीतच होती. तेवढ्यात आत दूध उतू गेलं, मी धावलो. परत येऊन बघतो तर लुगडं खांबाला, आणि चिमी चौरंगापाशी हात मागे घेऊन शहाण्यासारखी बसलेली. पोर एवढी गप्प दिसली की बापाने आधी घाबरावं. मला वाटलं, संस्कार!

कागदावर सातव्या घरात एक तांबडा ठिपका होता. तिसऱ्या घरात फिकट गुलाबी डाग. एव्हाना चिमी माझ्या कडेवर चढून शेंडी ओढत होती आणि जळक्या दुधाचा वास नाकात होता. मी म्हटलं, अक्षर फिसकटलं वाटतं. पाटीकडे न बघता मी त्या ठिपक्यावर सुबक 'मं' गिरवला, शाई सुकायला वर वाळू पेरली, गुंडाळी केली आणि परतलेल्या मल्लप्पाच्या हाती दिली. वर "निर्धास्त राहा" असंही म्हणालो.

चौथ्या दिवशी मल्लप्पा दारात उभा. या खेपेला हात जोडलेले नव्हते, हातात काठी होती.

"बुवा, मंगळ कुटनं आला? त्यांच्या जोशानं कागद बगितला आन लगीन मोडलं. गंगव्वा दोन दिस जेवली न्हाय."

मी पाटी काढली. तिसरं घर. कागद उलगडला. सातवं घर, आणि अक्षर माझं! त्या पोरीचं लग्न मी स्वतःच्या हाताने मोडलं होतं, आणि ते कसं, हेही मला कळत नव्हतं. मल्लप्पाने कागद डोळ्यांशी नेला.

"अक्षर तुमचं हाय व्हय. पर खाली बोटाचा ठसा हाय. मेंढरांवर गेरूच्या खुणा करन्यात जलम गेला माजा, बोट वळखतो मी. आन हे लई बारकं हाय."

आम्ही दोघांनी एकदमच चिमीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात मागे लपवले.

दुसऱ्या दिवशी मी, मल्लप्पा आणि चिमी सर्व्हिस मोटारीने करमाळ्याला गेलो. मुलाचे वडील पेन्शनीतले हेडक्लार्क, शेजारी त्यांचे जोशी, कोपऱ्यात नवरा मुलगा मास्तर. मी सगळी हकिकत सांगितली.

"स्वतःची चूक दोन वर्षांच्या पोरीवर ढकलता?" जोशी म्हणाले.

मी कोऱ्या कागदावर कुंडली काढून तिसऱ्या घरात ओला तांबडा 'मं' लिहिला. "चिमे, त्या दिवशी केलंस तसं कर बघू."

चिमीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

"इतकी गुणी पोर," हेडक्लार्क म्हणाले, "आणि बाप बघा." मल्लप्पाने मान खाली घातली. मग माझी आणि त्या जोशांची अशी जुंपली की दोघांच्या गुरूंचा उद्धार झाला. आणि मला एकदम जाणवलं, चिमी फार गप्प आहे. या खेपेला मी वेळेवर घाबरलो, पण उपयोग झाला नाही. जुळवून बघायला नवऱ्या मुलाची पत्रिका तिथेच उलगडून ठेवली होती. चिमीने माझा ओला मंगळ बोटावर उचलला आणि त्या पत्रिकेत सातव्या घरात दाबून बसवला.

आम्ही सगळे त्या कागदावर वाकलो. शेवटी माजघराच्या दारातून मुलाची आई म्हणाली, "आता दोघांनाही मंगळ. म्हणजे जुळलं की."

आधी मास्तर हसला, मग हेडक्लार्क. जोशांनी आपलं पंचांग गुंडाळलं. गंगव्वाचं लग्न त्याच महिन्यात झालं, आणि अक्षता टाकताना मला खरंच भरून आलं.

पुढे ही करकंबहून परतली. एके सकाळी मैंदर्गीची एक बाई मुलीला घेऊन ओसरीवर आली.

"मल्लप्पानं धाडलंय. पोरीला मंगळ हाय."

मी ऐटीत चौरंग पुढे ओढला. "बसा. बघू पत्रिका."

तिने कागद पदराखाली घेतला. "तुमाला न्हाय. तुमची पोर कुटं हाय?"

"झोपलीय," मी म्हणालो.

"मग बसते की," म्हणून बाई ऐसपैस बसली. तेवढ्यात ही आतून आली, दळणाचा डबा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ती उठेपर्यंत जाऊन या. तुम्हाला काय काम आहे?"