एका मेंबरशिपवर बारा घरं

आमच्या दिग्रसच्या गल्लीतली तुळसाबाई कुठल्याही दुकानातून बाहेर पडली की आधी पिशवी उघडून दाखवते. कोणी मागितलेलं नसतं. दुकानदार म्हणतो, "माय, राहू दे वो." पण ही उंबऱ्यावर थांबून पिशवीचं तोंड रुंद करणार, साखरेचा पुडा अन् साबणाची वडी वर धरणार, पदर झटकणार आणि मगच पायरी उतरणार. माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान तिच्या घराच्या बरोब्बर समोर. त्या पदर झटकण्याची नक्कल करून मी कित्येक वर्षं गल्लीला हसवलं. त्यामागचं कारण मला माहीत होतं, तरी हसवलं.

कारण असं. तुळसाबाईनं तीस वर्षं जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडला. संध्याकाळी सुटी झाली की फाटकावर चौकीदार बायांची झडती घ्यायचा. एकदा तिच्या अंबाड्यात कापसाचं एक बोंडभर पुंजकं अडकून राहिलं होतं. दिवसभर कापसात बसलेल्या बाईच्या डोक्यात कापूस नाही तर काय सोनं सापडणार? पण चौकीदारानं तिला तासभर फाटकाशी उभं ठेवलं. बाकीच्या बाया एकेक करून तिच्यासमोरून घरी गेल्या. "एकही बोलली नाही बापा," ती सांगायची. "साऱ्या खाली पाहून गेल्या." तेव्हापासून ही पिशवी उघडते आहे.

आता तिचं वय अडुसष्ट. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पायल पुण्याला नोकरीत. विहारात रोज संध्याकाळी वंदना तुळसाबाईच घेते आणि विहाराच्या छपरासाठी बायांनी दोन वर्षं जमवलेले अडतीस हजारही तिच्याच खात्यात ठेवलेले. काहून? तर जी बाई न मागता पिशवी दाखवते, तिच्याकडे पैसा ठेवायला कोणाला भीती?

पायलनं गेल्या साली आईच्या मोबाईलवर एका ऑनलाइन दुकानाची वर्षाची मेंबरशिप टाकून दिली. म्हणजे सामान फुकटात घरपोच. पहिल्या खेपेला गुडघ्याचा पट्टा आला. शेजारच्या शीलानं तो पाहिला आणि विचारलं, "माय, याच्यावर मले एक मलम मागवता येते का?"

ते दोन हजार तेवीसचं साल. कापसाला भाव नव्हता. भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला होता. शीलाच्या घरात जागा पुरेना, तेव्हा तुळसाबाईनं आपली पुढची खोली तिला दिली. ढीग छताला टेकला. घरात इतके दिवस कापूस म्हटल्यावर अंगाला खाज सुटतेच. अख्खी गल्ली खाजवत होती. मलमाची एक डबी आली, मग पाच आल्या. मग ताडपत्री, बॅटरी, कोणाच्या नातवाचं दप्तर. तुळसाबाईचा हिशेब साधा होता. कापसाचा मेटॅडोर एकानं भाड्यानं केला की गल्लीतले सारे आपापलं गाठोडं त्यात टाकतात. "भाडं भरलंच हाय तं गाडी रिकामी काहून न्यायची?" ती म्हणायची. होता होता एका मेंबरशिपवर बारा घरं बसली. पार्सल आणणारा धावजी, जवळच्या तांड्यावरचा माणूस, पूर्वी जिनिंगच्याच ट्रकवर होता. तो म्हणायचा, "माय, तुमचं घर म्हणजे माझा दुसरा डेपो."

जानेवारी लागला. एका दुपारी तुळसाबाई मोबाईल हातात घेऊन माझ्याकडे आली. तिला वाचता येतं. विहारातला मोठ्या अक्षरांचा ग्रंथ ती खणखणीत वाचते. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मोबाईलच्या काचेवरचं तिला धुकं दिसतं. तिचे मेसेज वाचायचं काम माझ्याकडे.

"पाह्य बरं श्रावण, काय आलं."

मी वाचलं. बारा जानेवारीला मेंबरशिप आपोआप पुन्हा चालू होणार, चौदाशे नव्व्याण्णव रुपये खात्यातून कापले जाणार.

"आपोआप? मले न इचारता?"

"न इचारता."

तिचा चेहरा बारीक झाला. त्या खात्यात छपराचे पैसे होते ना! इथंच मी थांबायला हवं होतं. पण समोरचा माणूस घाबरला की माझी जीभ वळवळायला लागते, हा माझा जुना रोग. मी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, कपाळाला आठ्या घातल्या.

"खाली बारीक अक्षरात अजून लिवलं हाय, माय."

"काय?"

"एक मेंबरशिप, एक घर. जास्त घरं सापडल्यास झडती घेण्यात येईल व पोलीस कारवाई होईल."

असं काहीही लिहिलेलं नव्हतं. ती "अवं बाप्पा" म्हणेल, मी खो खो हसेन, ती मला "मुडद्या" म्हणेल आणि चहा होईल, असा माझा बेत. पण तेवढ्यात एकजण जळालेली मोटर घेऊन आला. मी पाना शोधायला वळलो. पुन्हा वळून पाहिलं तर तुळसाबाई रस्ता ओलांडून घरात शिरली होती. दार लागलं. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी मला बोरी अरबला निघायचं होतं, मेव्हण्याच्या पोरीचं लग्न. सांगायचं राहून गेलं. लग्नात मी हा किस्सा दोनदा सांगितला, लोक पोट धरून हसले.

चार दिवसांनी परतलो तर गल्लीच्या तोंडावर धावजी मोटारसायकल टेकवून उभा.

"श्रावणभाऊ, तुळसामाय कुठं राहायला गेली?"

"कुठं जाईल? घरातच असंल."

"मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, 'तुळसाबाई इथं राहत नाही.' आवाज तर तुळसामायचाच होता!"

मी हसलो. 

घराशी पोचतो तो शीला आपल्या ओट्यावर उभी. हातात एक पुठ्ठ्याचा खोका, त्याला चहूकडून कापूस चिकटलेला.

"पाहा भाऊजी, मायच्या खोलीत कापूस पाहाले गेली तं माझ्या कापसात काय निंघालं! माझाच मलम! माझ्याच ढिगात लपवला! खाली अजून चार खोके हायेत. तीन दिवसांपासून मायले इचारून राह्यली, माझं पार्सल आलं का, तं म्हंते, कोणतं पार्सल? मी काही कोणाचं मागवलं नाई. चूल पेटवत नाई, वंदनेले येत नाई. असं काय झालं तिले?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "छपराचे पैसे तं बरोबर हायेत ना?"

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी काय करून बसलो ते मला कळलं. ज्या बाईनं आयुष्यभर पिशवी उघडी करून दाखवली, तिच्यावर गल्लीतलं कोणीतरी पहिल्यांदा संशय घेत होतं. आणि ती झडतीच्या भीतीनं खरंच माल लपवायला लागली होती. चौकीदाराला जे साधलं नाही ते मी एका ओळीत केलं होतं.

इतक्यात तिचं दार उघडलं. तुळसाबाई बाहेर आली. केस विस्कटलेले, त्यांतही कापूस. एका हातात कानाला लावलेला मोबाईल, दुसऱ्या हातात बँकेचं कार्ड. ती इकडंतिकडं न पाहता सरळ माझ्याकडे आली. कार्ड तिनं माझ्या छातीशी धरलं.

"बरं झालं तू आला. ऑफिसातून फोन हाय. कार्डावरचे सारे आकडे मी उन्हात धरून, चाचपून सांगतले. आता मेसेजात सहा आकडे आले म्हंते. वाच लवकर. नाई तं पोलिसात फाइल जाते."

फोनमधून बाईमाणसाला गुंगवणारा गोड आवाज येत होता. "माताजी, घबराइए मत. मेंबरशिप बंद कर देंगे, केस भी बंद. बस नंबर बताइए."

असला माणूस दिवसाला शंभर जणांना फोन लावत असेल. नव्व्याण्णव जण शिव्या घालून फोन ठेवत असतील. शंभरावी बाई मी त्याला तयार करून दिली होती. पोलिसांची भीती तिनंच त्याला सांगून टाकली असणार.

तिनं पुढं धरलेल्या मोबाईलवर मी मेसेज पाहिला. सहा आकडे होते. वर रक्कम होती, अडतीस हजार. खाली लिहिलं होतं, हा नंबर कोणालाही सांगू नका. मी फोनच्या तोंडावर तळहात दाबला.

"माय, ठेव तो फोन. चोर हाय तो."

"मजाक नको करू रे आज."

"मजाक नाई. खाली लिवलं हाय, कोणाले सांगू नका म्हणून."

"त्या दिवशीही खाली लिवलेलंच वाचलं तू."

"ते खोटं होतं, माय! झडती, पोलीस, काहीच नव्हतं लिवलेलं. मी मनानं बोललो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चार दिवस न झोपलेले डोळे. त्यांत विश्वासाचा कणही नव्हता. "आता मी घाबरली तं मले समजावाले म्हंतो. मले माहीत हाय." आणि तिनं मोबाईल ओढला. "शीले, तू वाच वो. ह्याले नाई वाचाचं."

शीला पुढं आली. शीला वाचणार, अगदी खरं वाचणार, एकेक आकडा मोठ्यानं. समजावत बसायला वेळ नव्हता, अन् फोन कापला तर तो पुन्हा आला असता.

"थांब," मी म्हणालो. "मीच वाचतो." आणि मोबाईल हातात घेऊन खणखणीत आवाजात वाचलं, "चार, सात, सात, एक, शून्य, दोन."

एकही आकडा खरा नव्हता.

"गलत है माताजी. फिर से देखिए."

तुळसाबाईनं माझा दंड धरला. "नीट वाच बापा. हात जोडते."

"चार, सात, एक, एक, शून्य, नऊ."

शीला माझ्या खांद्यावरून डोकावत होती. तिनं आकडे पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वरची रक्कम पाहिली. तिचा चेहरा खोक्यावरच्या कापसासारखा झाला. तिनं ओठ मिटून घेतले. त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तिसऱ्यांदा चुकीचं सांगितल्यावर काचेवर नवा मेसेज उमटला. चुकीचा नंबर तीनदा टाकल्यामुळं आजचा व्यवहार बंद. पलीकडच्या माणसालाही तेच दिसलं असावं. त्याचा गोडवा संपला. माताजी म्हणणाऱ्या तोंडातून अशी एक शिवी आली की शीला दोन पावलं मागं सरली. मग आणखी एक. मग फोन बंद.

तुळसाबाई मोबाईलकडे बघत राहिली.

"ऑफिसातला मानूस असा बोलते का?" तिनं हळूच विचारलं.

"नाई बोलत, माय."

"मंग झडतीचं?"

"मीच बोललो होतो. मेसेजात नव्हतं."

ती माझ्या दुकानाच्या पायरीवर खाली बसली. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मुडद्या म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "फाटकावरचा चौकीदार तरी पगारी होता, श्रावण. तुले काय भेटलं?"

मी तिच्या हातातलं कार्ड घेतलं.

आधी बँकेत फोन करून कार्ड बंद करवलं. मग पायलला फोन लावला. पायलनं सारं ऐकून घेतलं, मला काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. मग आईला समजावलं. गल्लीला मलम मागवून दिला म्हणून कोणी पकडत नाही. आणि ते आपोआप पैसे कापणं आहे ना, ते सेटिंगमध्ये जाऊन थांबवता येतं. शीलानं पायल सांगेल तसं बोट लावलं आणि दोन मिनिटांत थांबवलं. अन् एक गोष्ट अशी निघाली की आम्ही सगळेच येडे ठरलो. ठरावीक रकमेच्या वरचं सामान एकदम मागवलं की त्या दुकानात डिलिव्हरी तशीही फुकट होती. बारा घरांनी महिन्यातून एकदा मिळून यादी टाकली की मेंबरशिपची गरजच नाही.

"अन् आई, त्या मेंबरशिपमध्ये सिनेमे पण होते. पाहिले का तू?"

"सिनेमे?" तुळसाबाई चार दिवसांत पहिल्यांदा चिडली. "वर्षभर सिनेमाचे पैसे भरले अन् मले सांगतलं बी नाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधी तुळसाबाई, शीला अन् मी दारात उभे होतो. पासबुक छापून आलं. छपराचे पैसे जागच्या जागी होते. तुळसाबाईनं ते पासबुक गल्लीत दारोदार नेऊन, उघडं धरून दाखवलं. कोणी मागितलं नव्हतं. शीलानं मात्र खाली मान घालून पाहिलं. आदल्या दिवशीचा तिचा प्रश्न आम्हा दोघांनाच माहीत होता.

त्या संध्याकाळी विहारात वंदना झाली. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. तुळसाबाई तिथं थांबली. सगळे थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते शील मला एकट्याला म्हणावं लागलं. मागून कोणीतरी खुसखुसलं. बाहेर पडताना मी धीर करून म्हटलं, "माय, दुसऱ्यांदा खोटं बोललो म्हणून तं पैसे वाचले."

"म्हणून तं एकदाच म्हणायले लावलं," ती म्हणाली.

आता ती मेंबरशिप नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या ओट्यावर बारा घरांची यादी होते, धावजी एकच मोठा खोका आणतो, आणि ती तो साऱ्यांसमोर उघडते, एकेक वस्तू वर धरून. मी ती नक्कल करणं सोडलं आहे. पण भीती तिच्यातून गेलेली नाही, हे मला दिसतं. मोबाईल वाजला की अजूनही तिचा हात आधी डोक्याकडे जातो, अंबाडा चाचपून पाहतो.

मेसेज आला की ती तो तीन जणांकडून वाचून घेते. आधी शीला, मग धावजी. सगळ्यात शेवटी रस्ता ओलांडून माझ्याकडे येते, मोबाईल पुढं करते आणि माझ्या ओठांकडे बघत उभी राहते. त्या दोघांनी वाचलं तेच मी वाचलं, तर चहा मिळतो.