बारा तासांचं पाळणाघर

"आज पोरीला आणू नको. मंगल गेली."

काल सकाळी सहाला काकांचा फोन आला. एवढंच बोलले आणि ठेवला.

मी स्वराचा डबा भरत होते. खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो हा, की आता हिला कुठे ठेवू?

रडू नंतर येईल असं वाटलं होतं. अजून आलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंगलकाकू म्हणजे आमच्या सिडकोतल्या पाळणाघराच्या काकू. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत काकू आणि काका, पुढच्या खोलीत आमची पोरं.

आम्ही सात जणी अंबडला एकाच कंपनीत, स्विच जोडायच्या लाइनवर. सकाळी सातला आत, साडेतीनला बाहेर. चारपर्यंत पोरं ताब्यात.

काकू नामपूरकडच्या. शहरात आयुष्य गेलं, पण लाडात आल्या की अहिराणी बोलायच्या. स्वराला पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी दारातच घुटमळत होते. तर म्हणाल्या, "पोर बरी शे. तू कामले जाय."

मग या पावसाळ्यात ती बातमी आली. कारखान्यात दिवसाला बारा तास काम घेता येईल असा कायदा सरकार आणतंय. म्हणजे अजून आणलेला नव्हता. नुसता मसुदा. अधिवेशनात येईल म्हणत होते.

आमच्या सुपरवायझरला एवढं पुरलं. "कायदा येणारच आहे. आपण आधीच ट्रायल घेऊन बघू."

"सर, घरी लहान पोरं आहेत."

"सक्ती कुणालाच नाही. ज्यांना जमत नसेल त्यांनी सांगा. गेटबाहेर बायका उभ्याच आहेत."

कुणीच काही सांगितलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी काकूंना सांगितलं. त्या पोरांना खिमट भरवत होत्या. हात थांबला.

"मोठ्यांचे तास वाढवले. लेकरांचे कुणाला विचारून वाढवले?"

मला वाटलं, नुसतं बोलतायत. पण पुढच्या रविवारी एका मंगल कार्यालयात कामगार खात्याचे साहेब येणार होते, या कायद्याचे फायदे समजावून सांगायला. काकू इस्त्रीची साडी नेसून तयार. मला म्हणाल्या, "स्वराला घे आणि चल."

प्रश्न विचारणारे सगळे पुरुष. काकू मागच्या रांगेतून उठल्या. माइक दिला नाही, तशाच बोलल्या.

"साहेब, माझ्याकडं पोरं असतात. आई बारा तास आत, जायला यायला वेगळा वेळ. पोर आईला बघणार कधी? झोपेत?"

साहेब हसले. चांगल्या अर्थानेच हसले, वाईट नाही. "ताई, हा फक्त मसुदा आहे. आणि कामगाराची संमती असल्याशिवाय काहीच होणार नाही."

"संमती म्हणजे गप बसणं का?"

टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला. तुमच्यातल्या काहींनी तो शेअरही केला होता.

सोमवारपासून बारा तास सुरू झाले.

काकूंना बीपीचा त्रास. सहानंतर पडून राहा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काका चिडायचे. "बंद कर हे, किंवा सहाला दार लाव." काकूंचं उत्तर ठरलेलं. "दार लावून पोरं कुठं ठेवू, पायरीवर?"

आम्ही सातला सुटून, गर्दीतून वाट काढत आठच्या सुमारास पोचायचो. बहुतेक पोरं झोपलेली असायची.

एका रविवारी आम्ही आमच्याच घरी होतो, तेव्हा स्वराने विचारलं, "मम्मा, आपण घरी कधी जायचं?"

हे मी काकूंना सांगितलं नव्हतं.

परवा मी पोचले तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा घामाने ओला. काका चपला घालून उभे. "तासभर छातीत दुखतंय म्हणते. रिक्षा आणतो म्हटलं, तर पोरं जाऊ दे आधी म्हणते."

मी म्हटलं, "काकू, उठा, मी थांबते पोरांजवळ."

तेव्हा कुठे उठल्या. दारातून मागे वळून स्वरा जेवल्याचं सांगितलं, "पोर जेवनी शे."

काल पहाटे दवाखान्यातच वारल्या.

मुलगा सुरतेहून यायचा होता म्हणून अंत्यविधी काल संध्याकाळी पाचला ठरला. मिस्टरांनी खाडा केला, सगळी पोरं आमच्या घरी ठेवली. मी कामावर गेले. सगळ्याच गेलो.

साडेतीनला शेजारच्या मशीनवरची रेखा उठली. मग मी. मग बाकीच्या. काही ठरलं नव्हतं.

सुपरवायझर धावत आला. "कुठे? सात वाजायचेत अजून."

रेखा म्हणाली, "सर, कायदा झालाय का?"

"नाही अजून, पण..."

"मग आमची शिफ्ट संपली."

चालत बाहेर आलो. मला हिंमत वगैरे काही वाटली नाही. पाय चालत होते, एवढंच. अमरधामला वेळेत पोचलो.

आजही मिस्टर पोरांजवळ थांबले. मला गेटवर थांबवतील असं वाटलं होतं. थांबवलं नाही. नोटीस बोर्डवर दोन ओळी होत्या. ऑर्डर कमी असल्यामुळे ट्रायल तूर्त स्थगित. काकूंचं नाव असायचं कारणच नव्हतं. अधिवेशन पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा काय व्हायचं ते होईल.

आज साडेतीनला सुटले. बाहेर एवढं ऊन असतं हे विसरले होते.

काकांकडे गेले. त्यांनी पोरांच्या सगळ्या गोधड्या धुऊन गच्चीच्या कठड्यावर वाळत घातल्या होत्या.

"कुणाची कुठली, तू सांग. म्हणजे घरोघर देऊन येतो."

मी बघत राहिले. मला फक्त स्वराची ओळखता आली.

काका म्हणाले, "राहू दे. मंगललाच माहीत होतं."

मग आम्ही दोघांनी मिळून घड्या घातल्या.

मंगलकाकू, आता पडून राहा. सगळी पोरं घरी पोचली आहेत.