आठवा खलाशी

भूतखेत, बाधा, शकुन... असलं काही मला पटत नाही. मांजर आडवं गेलं म्हणून घरातलं कुणी थांबलं, तर मी मुद्दाम पुढे जाते. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू यायला हवं. येत नाहीये.

नव्वदच्या दशकाची अखेर. भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर, फरसाणच्या दुकानाच्या वर आमचं छोटं कॉम्प्युटर ऑफिस. मी डेटाबेस सांभाळायचे. उत्तनच्या एका मच्छीमार सोसायटीच्या बोटी आणि त्यांवरचे खलाशी, सगळ्यांची नोंद आमच्याकडे. टाइप करायची फिलोमिना, उत्तनचीच. तिचा नवरा अंतोन त्यातल्याच एका बोटीवर होता.

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या मागची सूची समजा. मूळ नोंदींवरून बनते, शोध पटकन लागावा म्हणून. इंडेक्स धड असेल तर सिस्टिम तपासणीच्या दोन्ही याद्यांत 'व्हॅलिड' दाखवते, बिघडलं असेल तर 'अनयूजेबल', म्हणजे निकामी. त्या सोमवारी सकाळी मात्र एका यादीत 'व्हॅलिड' आणि दुसऱ्या यादीत 'अनयूजेबल'! अंतोनच्या बोटीवर मूळ नोंदीत आठ माणसं, इंडेक्समधून शोधलं की सात. अंतोन गायब. रिबिल्ड केलं, म्हणजे तेच पुन्हा बांधून घेतलं... सात. इंडेक्स काढून टाकून नव्यानं बनवलं... तरी सातच! वैतागले नुसती.

"फिलो, तुझा नवरा पळाला बघ बोटीवरून!" मी ओरडले.

"पळू दे गो! घरी तरी कुठं टिकतोय," ती हसली. बोट तेव्हा समुद्रात होती.

बुधवारी दुपारी बोट परत आली. सात जण उतरले. सोमवारी पहाटे जाळं ओढताना अंतोन पाण्यात गेला होता. बॉडी मिळालीच नाही.

आणि मी चेष्टा केली होती. माझी जीभ का नाही झडली, असं अजूनही वाटतं.

काही महिन्यांनी सोसायटीचं पत्र आलं — नाव कमी करा. मूळ नोंदीतून मी अंतोनला काढलं आणि पडताळून बघितलं. मूळ नोंदीत सात... इंडेक्समध्ये आठ. आता अंतोन तिथे होता! एका यादीत व्हॅलिड, दुसरीत अनयूजेबल, अगदी तेव्हासारखंच. फिलोमिना माझ्या मागेच उभी होती.

"हाय ना? बघ, हाय!" तिनं माझा खांदा घट्ट धरला. "बॉडी गावली न्हाय गो. तो हाय कुठंतरी. तू याला हात लावू नको."

नाही लावला. रोज सकाळी डबा टेबलावर ठेवला की ती विचारायची, "हाय?" मी माझ्या पासवर्डनं स्क्रीन उघडून दाखवायचे.

पण एक दिवस आमच्या ऑफिसच्या साहेबांना सोसायटीसाठी यादी छापायची होती. "दोन्हीकडे व्हॅलिड पाहिजे मला, आत्ताच्या आत्ता," म्हणत ते खुर्चीमागे उभेच राहिले. मी रिबिल्ड केलं. पहिल्याच फटक्यात झालं. सात आणि सात.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "हाय?" स्क्रीन तिच्याकडे न वळवता मी म्हटलं, "हाय." त्यानंतर तिनं कधी 'दाखव' म्हटलं नाही. विचारायची मात्र रोज.

डिस्क खराब असेल, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. असेल. पण त्या डिस्कला आठ जणांत नेमका अंतोनच कसा सापडला — आणि तोही आम्हाला कळायच्या दोन दिवस आधी?

तिथे होते तोवर रोज तिच्या आधी ऑफिसात येऊन मी दोन्ही याद्या बघायचे... आज तरी बिघडलं असेल म्हणून. एकदाही बिघडलं नाही.