गालाच्या आतली भानगड

माझ्या गालाच्या आत जे काही सापडलं, त्याबद्दल माझा अजूनही निषेध आहे. मी अड्याळच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, पण आमच्या घरात आता हे कोणाला सांगायची सोय राहिलेली नाही.

आसगावला धानाची शेती सांभाळणारा माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, दिवसभर खर्रा खातो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ऐवज गालात गेला की दादा बोलायचं बंद करतो (खर्ऱ्याचा एवढाच काय तो फायदा). वहिनी रडून थकल्या, भांडून थकल्या. शेवटी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी एवढे शिकले, मंग ह्यांचा खर्रा सोडवा ना."

मी रीतसर परवानगी काढून कॉलेजचा सूक्ष्मदर्शक सुट्टीत घरी आणला. दादा म्हणाला, "तुह्या गालात अन् माह्या गालात फरक दाखवून दे, आजपासून खर्रा बंद." मला चेव आला. ज्याचा गाल घाण निघेल त्यानं आपलं व्यसन सोडायचं, असं मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. माझं व्यसन म्हणजे स्टँडवरचा तर्रीवाला चनापोहा, पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेला. पण जीवशास्त्राच्या मास्तराला कसली भीती!

बातमी फुटली आणि अंगणात अर्धी आळी जमली. मी टूथपिकनं दोघांचे गाल आतून खरवडले, काचपट्ट्यांवर पसरले, निळ्या रंगाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली आणि प्रत्येक पट्टीवर नाव लिहिलं. एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आरसा उजेडाकडे फिरवला आणि डोळा लावला. पेशी दिसेचनात. नुसता कचरा! ढेकळं काय, तंतू काय, मधूनच एखादी बिचारी पेशी आपलं केंद्रक सांभाळत कोपऱ्यात उभी.

मी उठलो आणि व्याख्यान सुरू केलं. असला गाल आमच्या खानदानात निघावा याची लाज वाटते, असं म्हणालो. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. दादा मान खाली घालून ऐकत होता. त्याचं नाव सगळ्यांना दाखवावं म्हणून मी पट्टी काढून वहिनींच्या हातात दिली.

वहिनींनी ती उजेडात धरली. "भाऊजी, यावर तर तुमचं नाव आहे."

दुसरी पट्टी लावली. आरशासारखी स्वच्छ! एकेक पेशी सुटी, एकेक केंद्रक ठसठशीत. मुलांच्या पुस्तकात छापावी अशी.

मग उलगडा झाला. चारचौघांत नवऱ्याची शोभा नको म्हणून वहिनींनी सकाळपासून दादाला कडुलिंबाची काडी चावायला लावली होती आणि मिठाच्या पाण्यानं गुळण्यांवर गुळण्या करायला लावल्या होत्या. जिच्यासाठी मी हे रण पेटवलं, तिनंच शत्रूला धुऊनपुसून उभं केलं! आणि मी? वर्गात मुलांना आधी चूळ भरायला लावणारा मी, स्टँडवरून पोहे खाऊन थेट टूथपिकलाच भिडलो होतो.

दादानं माझ्या पट्टीत बराच वेळ पाहिलं. "सुधाकर, तुह्या गालात तं अजून चने दिसून राहिले बे," तो शांतपणे म्हणाला. प्रयोग पुन्हा करू, चूळ न भरता करू, असं मी ओरडून सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

आता स्टँडवर मी नुसता चहा पितो. दादा शेजारी बसून खर्रा घोटतो. आणि वहिनी मोठ्या कौतुकानं आळीभर सांगत फिरतात, की त्या यंत्रानं घरातलं एक तरी व्यसन सुटलं.