फ्रिजला लावलेला कान

मांडवीला फ्रिज दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. स्क्रूड्रायव्हर काढण्याआधी ते फ्रिजला कान लावतात आणि डोळे मिटतात, जणू आत लांब कुठेतरी समुद्र वाजतोय. मग हळूच सांगतात, "शिमग्यापर्यंत जाईल. पुढं नाय." नवा फ्रिज कधी घ्यावा लागणार, हे आमची आळी त्यांनाच विचारते. त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

आजारातून उठल्यावर आईनं काहीही नवीन घ्यायचं सोडलं. साडीसुद्धा. "मी आता किती दिवसांची?" म्हणायची. त्यातच फ्रिज कुरकुरायला लागला. मी त्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी कान लावला. बऱ्याच वेळानं डोळे उघडून आईकडे पाहिलं.

"काकी, ह्याचं काय खरं नाय. नवीन घ्या. पंधरा वर्षं आरामात वापराल."

आई कितीतरी दिवसांनी हसली. रंग निवडायला स्वतः दुकानात आली.

जुना फ्रिज मी बागेतल्या राखणदाराला दिला. दोन गणपती झाले, तिथं तो अजून निवांत गुरगुरतोय. परवा ते फ्रिजवाले गृहस्थ रस्त्यात भेटले, तेव्हा मी गमतीनं म्हटलं, "तुमचा अंदाज चुकला हो!"

ते दचकले. "का? काकी बऱ्या आहेत ना?"