शेवटचं पान आधी

“मेली की बरी झाली?”

दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवूनच ती विचारायची. चौकशी नायिकेची असायची. प्रेमकथेत आजारी नायिका असली की ते पुस्तक मी तिच्यासाठी बाजूला ठेवत असे. ती आधी शेवटचं पान वाचायची, माझ्या कानावरची पेन्सिल मागायची आणि पानाच्या कोपऱ्यात खूण करायची. मेली तर फुली, बरी झाली तर गोल.

“दोनच शेवट येतात ह्या लेखकांना,” ती म्हणायची. “मावशी, आजारी राहून संसार करणारी एखादी आली तर सांगा हं.”

माझं दुकान अलिबागच्या बाजारात आहे. रद्दीपासून सुरुवात केली, तिच्यातली धड पुस्तकं निवडून भाड्याने द्यायला लागले. पाठीशी कुणी नव्हतं. घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि डोकं तापलं की समोर कोण आहे ते मी बघत नाही. तुमच्याही बाजारात अशी एखादी बाई असेल, आणि तुम्ही तिला टाळून पुढे जात असाल.

ती थळहून एसटीने यायची. वय तिशीचं. विशीतच आमवात जडला होता, बोटं वाकडी झाली होती. नवं पुस्तक तिला नको असायचं, कारण ते दाबून धरावं लागतं.

“खिळखिळं द्या मावशी. मांडीवर ठेवलं की आपोआप उघडं राहतं.”

वर भाडंही कमी करून मागायची.

“फाटक्याचं पूर्ण भाडं?”

“फाटकंच हवं कुणाला? तुला ना? मग?”

आमची जुंपली की समोरची सुकी मासळीवाली सोडे निवडायची थांबायची.

एके दिवशी तिने पुस्तक घेतलं आणि न उघडताच पिशवीत टाकलं.

“काय गं? शेवट नाही बघायचा?”

“ह्याचा नाही बघणार,” म्हणाली आणि लाजली.

दवाखान्याच्या रांगेत तिला एक जण भेटला होता, माणगावचा. आईला घेऊन यायचा. आईलाही हाच आजार. रोज सकाळी आईची बोटं कोमट पाण्यात धरून बसतो, असं ती सांगत होती. लग्नाचं बोलणं चाललं होतं. तिने त्याच्या नातेवाइकांना आजाराबद्दल काय सांगितलंय, ते मी विचारलं नाही. लपवलंच असणार असं धरून चालले. मी तिच्या जागी असते तर लपवलं असतं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बोलणी पक्की करण्याआधी मुलाकडचं कुणीतरी मुलीच्या ओळखीच्या दुकानात गुपचूप डोकावून जातं. त्याचे मामा माझ्याकडे आले. एक जुनं पंचांग उगाच चाळत म्हणाले, “थळची ती पोरगी तुमच्याकडं येते ना? तब्येत कशी हाय तिची?”

गिऱ्हाइकाला फाटलेलं पान मी आधी कधीच दाखवत नाही.

“तब्येतीला काय झालंय? ठणठणीत आहे! पायरीसुद्धा उड्या मारत चढते.”

मामांनी पंचांग खाली ठेवलं. “पोरीनं सोताच्या तोंडानं समदं सांगितलं हाय. कागद दाखवले. महिन्यातून किती दिस आडवी असते, तेवढंच इचाराया आलो होतो. आन् तुम्ही झाकताय? म्हंजी तिनं सांगितलं त्याहून मोठं कायतरी हाय.”

मी ओरडले, पाया पडायचंही बाकी ठेवलं नाही. ते थांबले नाहीत. लग्न मोडलं.

ती आठवड्याने आली. त्या दिवशी पेन्सिल मागितली नाही.

“मावशी, तुम्हीपण मला बरी करूनच टाकलीत?”

“तुझ्या भल्यासाठीच बोलले मी! मला कुणी सांगितलं होतं का काही? आणि तो घोडा काय मामाला विचारून श्वास घेतो?” बाजार गोळा होईपर्यंत मी तिच्यावर तोंड सोडलं. ती ऐकत उभी राहिली. तिने मला एक शिवी हासडायला हवी होती. ती माझी तिच्यावरची तक्रार अजून आहे. एक शिवी दिली असती तर आम्ही पुन्हा भांडलो असतो, आणि ती पुन्हा आली असती.

ती आली नाही. पावसाळ्यात छातीत कफ भरला आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं. तिच्या भावाने पिशवी आणून दिली तेव्हा मला कळलं.

पिशवीतल्या पुस्तकांवर फुल्या होत्या, गोल होते. एकाच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर खूण नव्हती. मध्ये कुठेतरी एसटीचं तिकीट खोचलेलं. मी शेवट वाचला. नायिका मांडवात धावत येते, ठणठणीत.

कानावरची पेन्सिल काढली. गोल काढायचा होता. पेन्सिल परत कानावर ठेवली.

पुस्तक मांडीवर ठेवलं. ते आपोआप उघडलं, तिकीट होतं त्या पानावर, आणि तसंच उघडं राहिलं.