आबांचा कोंबडा

पुण्यात कॉलेजात असताना माझ्या खोलीवर दत्तू नावाचा सोबती होता. त्याचे वडील आबा म्हणजे सूर्यालासुद्धा हाक मारून उठवणारे गृहस्थ! त्यांच्या आवाजाशिवाय त्यांच्या पासली गावात दिवस उजाडत असेल, यावर माझा अजूनही विश्वास नाही. वेल्ह्याच्या डोंगरातला हा भातशेतकरी. बैलांनी रवंथ कधी करावा आणि दत्तूनं कोणत्या कुशीवर झोपावं, हे सारं आबाच ठरवत. शेजाऱ्याची म्हैस अवेळी हंबरली, तरी हे अंगणात येऊन तिला दटावत. "पोराला मोकळं सोडलं की बिघाडलंच," हे त्यांचं ठाम मत होतं.

बिचारा दत्तू पुण्यात आला तो मोकळा सुटूनच. हॉटेलात "चहा की कॉफी?" असं विचारलं, तरी त्याला घाम फुटे. पहिल्यांदा जिलबी समोर आली तेव्हा तो खातच सुटला आणि दोन दिवस अंथरुणात कण्हत पडला. "पुरे" हा शब्द आजवर आबाच म्हणत आले होते, त्याच्या पोटाला तो ठाऊकच नव्हता. बोलपट तर त्यानं एकच इतक्यांदा पाहिला, की दारावरचा माणूस त्याला घरचं कुणी आहे का नाही विचारू लागला. शेवटी सहामाहीचा पहिला पेपर त्यानं चक्क झोपेत घालवला. त्याला कुणी उठवलंच नव्हतं ना!

ही बातमी कळताच आबा सर्व्हिस मोटारीनं पुण्यात हजर झाले. काखेत कोंबडा. "म्या हितं राहू शकत न्हाई. ह्यो उठवंल. वार्षिकात नापास झालास तर सरळ घरी, चिखलात!" असं बजावून त्यांनी कोंबड्याचा पाय खिडकीच्या गजाला बांधला आणि निघून गेले.

पण पासलीच्या कोंबड्याला पुणं काय माहीत? खिडकीबाहेर म्युनिसिपालिटीचा दिवा होता. संध्याकाळी तो लागला, की कोंबडा गळा फाडून आरवायचा आणि पहाटे मात्र मान पिसांत खुपसून गाढ झोपायचा. दत्तूचं तंत्र पार बिघडलं. दिवेलागणीला तो दचकून तांब्या घेऊन तोंड धुवायला निघे आणि आम्ही हसून लोळायचो.

वार्षिक परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा दत्तूनं कोंबडा सोडला, पासलीला जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरच्या हवाली केला आणि म्हणाला, "आबास्नी सांगा, माजा मी उठंन." मी उठवू का, विचारलं तर माझ्यावरच डाफरला. "कुनी हात लावायचा न्हाई मला!"

परीक्षेच्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. आबा! काखेत तोच कोंबडा. "उठलं का आमचं?" त्यांचा चेहरा उतरला होता. दत्तूची वळकटी नीट गुंडाळलेली होती. मी व्हरांड्याकडे बोट केलं. अंघोळ करून, दिव्याखाली पाय मुडपून दत्तू वाचत बसला होता.

"कुनी उठिवलं?"

"कुणी नाही, आबा."

तेवढ्यात दिवा पाहून कोंबड्यानं मान ताणली. आबांनी झटकन त्याची चोच धरली. "गप! पोरगं वाचतंय."

माझा ऊर असा भरून आला की मला तिथंच ओरडावंसं वाटलं. दत्तू पास झाला, आणि आबांनी अख्ख्या पासलीत साखर वाटली.

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे राहायला गेलो. पहाटे जाग आली तर आबा दारात उभे. हाक मारायची नाही म्हणून ओठ घट्ट मिटलेले, हात मात्र उगाच चौकटीवर फिरत होता. अंगणातला कोंबडाही आरवून गेला, तरी ते हलेनात. मी दत्तूकडे पाहिलं. तो केव्हाचा जागा होता, मुद्दाम डोळे मिटून पडला होता.

"आबा," तो तसाच पडून म्हणाला, "उठवा की मला."

"उठ रं दत्तू," आबा हळूच म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दत्तू डोळे चोळत, नुकतीच जाग आल्यासारखा उठून बसला.